डिसेंबरची पहाट, दीडशे मीटरवरचा वाघ आणि एफ/५.६: काय करावं?

टेकडीवाली (कोथरूड)

नमस्कार. डिसेंबरात ताडोब्याला चाललेय, मोहर्ली गेटवरून सकाळच्या सफारी मिळाल्यात. सामान जुनंच: निकॉन डी७५०० कॅमेरा आणि त्यावर २००-५०० मिमीची एफ/५.६ लेन्स. नवीन लेन्स या वर्षी तरी शक्य नाही, फ्लॅटचे हप्ते चालू झालेत. तेव्हा "बॉडी बदला" हा सल्ला आधीच नम्रपणे परत करते.

अडचण सांगते. मागच्या खेपेला पाण्याच्या पलीकडच्या काठावर, बांबूला लागून वाघीण आडवी उभी होती. सूर्य झाडांच्या वर आलेला नव्हता. गाइड म्हणाला, दीडशे मीटर असेल. एक्झिफमध्ये (फोटोसोबत साठलेल्या सेटिंगमध्ये) ५०० मिमी, एफ/५.६, शटर १/१००० सेकंद, आयएसओ (फोटो उजळ करायचा आकडा) १२८०० असं दिसतंय. एवढं करूनही फोटो चांगला स्टॉपभर, म्हणजे निम्म्यानं, काळा आला. घरी लाइटरूममध्ये उजळ केला, वाघीण मोठी दिसावी म्हणून चारी बाजूंनी कापला, आणि पट्ट्यांच्या मधलं सगळं अंग रवाळ झालं. मूळ फाइलमध्ये नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत ती साधारण १५०० पिक्सेल लांब आहे.

तर प्रश्न असे. भाड्यानं एफ/२.८ ची, म्हणजे जास्त उघडणारी, लेन्स घेण्यात अर्थ आहे का? शटर किती खाली नेलं तर चालतं? आणि डी७५०० वर आयएसओ कुठे थांबवायचा? नेटवर प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.


फुलफ्रेम_राजे (बाणेर)

एफ/५.६ वर पहाटे काही होत नाही हो. ४०० एफ/२.८ भाड्यानं मिळते, तेवढ्या दिवसांपुरती उचला. सरळ दोन स्टॉप हातात. ते जड जात असेल तर ७०-२०० एफ/२.८ न्या आणि घरी क्रॉप करा. प्रकाश तेवढाच येतो, एफ/२.८ म्हणजे एफ/२.८.


जुना_स्टुडिओ (नारायण पेठ)

राजे, ४०० एफ/२.८ उत्तम लेन्स आहे, त्यात वाद नाही. पण तुमचं शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून लिहायला बसलो. लांबच्या जनावराच्या बाबतीत एफ नंबर अर्धंच सांगतो.

त्या वाघिणीच्या अंगावरून निघालेला प्रकाश तुमच्या लेन्समध्ये किती शिरला, हे ठरतं लेन्सच्या भोकाच्या व्यासावर. फोकल लेंग्थला एफ नंबरनं भागायचं, झालं. ताईंची लेन्स: ५०० भागिले ५.६, म्हणजे ८९ मिमी. ४०० एफ/२.८: १४३ मिमी. २०० एफ/२.८: ७१ मिमी. आता वाघीण तिथेच उभी आहे, तुम्ही इथेच आहात आणि शेवटी फोटोत ती सारख्याच आकाराची हवी आहे. मग व्यासाचा वर्ग करून तुलना करा. ४०० एफ/२.८ ताईंच्या लेन्सच्या अडीच पटीहून थोडा जास्त प्रकाश गोळा करते. म्हणजे दोन स्टॉप नव्हे, दीडला कमी, कारण ५०० च्या चौकटीत यायला तिला थोडं कापावं लागतंच. आणि ७०-२००? ती ताईंच्या लेन्सच्या दोन-तृतीयांशही प्रकाश आणत नाही. भाडं भरून कमी प्रकाश विकत घ्यायचा, हा व्यवहार कुठल्या पेठेत चालतो मला माहीत नाही.

४०० चं वजन पावणेचार किलोच्या आसपास असतं, हेही लक्षात घ्या. जिप्सीत सहा माणसं, पुढे गाइड आणि ड्रायव्हर. वाघ डाव्या बाजूला निघाला आणि तुम्ही उजव्या बाजूला असाल तर ती तोफ शेजारच्याच्या डोक्यावरून फिरवायची. सराव नसलेल्या माणसानं भाड्याची अनोळखी लेन्स थेट सफारीत नेऊ नये. २००-५०० तुमच्या हाताला बसलेली आहे, तीच न्या.

आता ताईंच्या फोटोकडे येतो. गाइडचा अंदाज चांगला आहे. डी७५०० चा सेन्सर २३.५ मिमी रुंद. ५०० मिमीवर १०० मीटर अंतरावर चौकटीची रुंदी ४.७ मीटर भरते. वाघीण नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत पावणेदोन-दोन मीटर धरा. फाइल ५५६८ पिक्सेल रुंद, त्यातले १५०० तिचे. हिशेब येतो १४० मीटरचा. म्हणजे चौकटीची रुंदी साडेसहा मीटरच्या वर आणि त्यातला पाव भाग वाघीण.

फोटो काळा का आला? माझा अंदाज असा की ऑटो आयएसओ लावून कमाल मर्यादा १२८०० ठेवलेली असणार. शटर १/१००० ला बांधलेलं, अॅपर्चर त्याहून उघडत नाही, आयएसओ भिंतीला टेकला. कॅमेऱ्याकडे काळा फोटो देण्यावाचून दुसरा मार्ग उरला नाही. पण उभ्या वाघिणीला १/१००० कशाला? तो आकडा धावणाऱ्या, पाण्यात उडी घेणाऱ्या वाघाचा. त्याच प्रकाशात १/२५० आणि आयएसओ ६४०० ठेवला असता, तर सेन्सरवर प्रकाश चौपट पडला असता, आयएसओ निम्मा राहिला असता आणि फोटो बरोब्बर उजळ आला असता. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यातच आहे.

उरलेलं निम्मं. आम्ही ट्राय-एक्स फिल्मचा ४०० चा रोल १६०० ला ढकलून धुवायचो, तेव्हा दाणा रोलमध्येच होता, चांदीचा. डिजिटलमध्ये तसं नाही. आयएसओचा आकडा वाढवला म्हणून नॉइज (रवाळपणा) येत नाही, प्रकाश कमी पडला म्हणून येतो. आकडा वाढवणं हा त्यावरचा उपाय आहे, त्याला रोग समजू नका. तुम्ही १२८०० वर एक स्टॉप काळा काढून घरी उजळ केलात, म्हणजे खऱ्या अर्थानं तो २५६०० चाच फोटो. तेव्हा "अमुक आयएसओच्या वर जायचं नाही" ही शपथ आधी मोडा. आधी शटर जमेल तितकं खाली आणा, मग आयएसओ जिथे जाईल तिथे जाऊ द्या.

आणि आता खरा मुद्दा, ज्यासाठी एवढं टंकतोय. तुमचा फोटो बिघडवला तो कापण्यानं.

वाघीण चौकटीच्या साठ टक्के दिसावी म्हणून तुम्ही ५५६८ तून साधारण २५०० पिक्सेलची पट्टी काढली असेल. म्हणजे सेन्सरचा पाचवा हिस्सा वापरला आणि चार हिस्से प्रकाश कचऱ्यात. नॉइज डोळ्याला किती दिसणार, हे आयएसओबरोबर या हिश्शावरही ठरतं. २५६०० गुणिले पाच. सव्वा लाखाच्या आयएसओचा फोटो तुम्ही बघत होतात, कॅमेऱ्याला काय दोष द्यायचा! तीच चौकट ६४०० वर, न कापता ठेवली असती तर ती ६४०० चीच राहिली असती. पूर्ण फाइलचा १२ बाय १८ इंची प्रिंट काढला तर इंचाला तीनशेच्या वर पिक्सेल येतात, म्हणजे लॅबवाल्याला आणखी काही मागायला जागा नाही. त्या प्रिंटवर वाघीण पावणेपाच इंच लांब. भोवती बांबू, खाली पाणी, पाण्यात तिचं प्रतिबिंब. हा फोटो मी भिंतीवर लावीन. डोक्यापासून शेपटीपर्यंत कोंबलेला वाघ तर सगळ्यांच्याच मोबाइलच्या वॉलपेपरवर असतो.

लांबून आणि अंधारात, असं दोन्ही एकदम वाट्याला आलं तर जवळचा फोटो काढायचा हट्ट सोडा. लांबचाच फोटो काढा, पण तो लांबचा म्हणून विचार करून काढा. चौकटीत वाघ कुठे ठेवायचा, समोर त्याला चालायला जागा आहे का, पाठीमागे पांढरं आकाश घुसतंय का, हे सगळं त्या वेळी बघा, घरी गेल्यावर नव्हे. १४० मीटरवर क्रॉप हा इलाज नाही. ५० मीटरवर चौकट सव्वादोन मीटरच्या आसपास येते, तिथे वाघ आपोआपच काठोकाठ भरतो.

बाकी बारीकसारीक.

फोकस. मधल्या पंधरा क्रॉस (जास्त अचूक) फोकस बिंदूंपैकीच एक वापरा, कडेचे बिंदू अंधारात चाचपडतात. एएफ-सी (सतत फोकस), एकच बिंदू. कॅमेऱ्याला फोकससाठी काळ्या-पांढऱ्याची धार लागते आणि ती वाघाइतकी दुसऱ्या कुठल्या जनावराच्या तोंडावर नसते. डोळ्यावर बिंदू बसत नसेल तर डोळ्यावरचा पांढरा ठिपका आणि त्याला लागून असलेला काळा पट्टा पकडा. पुढे बांबूची एक काडी जरी आली तरी फोकस तिच्यावर जाऊन बसेल, म्हणून नऊ किंवा एकवीस बिंदूंचा पसारा नको.

मीटरिंग. काळ्याशार झाडीत लहानसा वाघ असला की मॅट्रिक्स मीटर (पूर्ण चौकटीचा उजेड मोजणारा) सगळं जंगल उजळायला बघतो आणि गालावरचा, पोटाचा पांढरा भाग उडून जातो. मॅन्युअल मोड, ऑटो आयएसओ आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे ०.७ इथून सुरुवात करा. पण उन्हाच्या कवडशात आलेला वाघ वेगळा आणि सावलीतला वेगळा, तेवढी नजर ठेवा. आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल. जेपेग काढणार असाल तर वरचं सगळं विसरा.

आधार. जुन्या जीन्सचा गुडघ्याखालचा पाय कापा, एक तोंड शिवा, दुसऱ्याला चेन लावा. रिकामा न्या, तिकडे दोन किलो तांदूळ भरा. जिप्सीच्या दांडीवर हे ठेवून त्यावर लेन्स टेकवली की १/१२५ सहज जमतं आणि वाघ दगडासारखा उभा असेल तर १/६० ला पण पाच-सहा फोटोंची एक सर मारा, त्यात एखादा कडक येतो. चालत्या वाघाला १/३२०. वाघ चालताना डोकं बऱ्यापैकी स्थिर राहतं, पंजे हलतात. पुसट पंजा माफ आहे, पुसट डोळा नाही. आणि लांबचा वाघ सेन्सरवर हळू सरकतो, तेवढा एक फायदा अंतराचाही आहे.


डीनॉइझवाला (विमाननगर)

काकांचा हिशेब पटला. पण एक भर. २०२३ च्या एप्रिलपासून लाइटरूममध्येच एआय डीनॉइझ आलंय, रॉ फाइलवर ते अफाट काम करतं. दोन स्टॉप तर तिथेच मिळतात. ताई, जुनी फाइल फेकू नका, एकदा त्यातून काढून बघा. स्लायडर ५० च्या वर नेऊ नका मात्र, मिशा गायब होतात.


जुना_स्टुडिओ

वापरतो मीही. भिंतीवरच्या फोटोला हरकत नाही. पण फार कमी प्रकाशाच्या फाइलवर ते पट्टे मनानं रंगवायला लागतं. दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात, वनखातं कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंवरून वाघ ओळखतं ते याच पट्ट्यांवरून. उद्या कुणी तुमच्या फोटोवरून "ही कोणती वाघीण" विचारलं आणि डाव्या कुशीवरचा अर्धा पट्टा संगणकानं काढलेला असला तर? अशा वेळी मूळ रॉ दाखवावी. एवढ्यासाठी तरी ती जपून ठेवा.


सागवान (मूळ चंद्रपूर, पोटापाण्यासाठी हिंजवडी)

काकांनी कॅमेऱ्याचं सांगितलं, मी जंगलाचं सांगतो जी.

पहिली गोष्ट म्हणजे घड्याळ. आमचं चंद्रपूर पुण्याच्या पार पूर्वेला. सूर्य तिकडे पुण्यापेक्षा वीस-एक मिनिटं आधी उगवतो आणि डिसेंबरात मावळतोही तेवढाच, किंबहुना थोडा जास्तच आधी. पुणेकर मंडळी दुपारच्या सफारीत हमखास फसतात. "साडेपाचच तर वाजलेत" म्हणून निवांत बसतात आणि तिकडे उजेड संपलेला असतो. दुपारची सफारी असेल तर शेवटच्या तासाला नव्हे, पहिल्या तासापासून कॅमेरा हातात पाहिजे.

दुसरी, महिना. ताई डिसेंबरात चालल्यात, तो थंडीचा मस्त महिना, पण सागाला तेव्हा पानं असतात, गवत उभं असतं. सकाळचा उजेड खाली जमिनीपर्यंत पोचतच नाही. मार्च-एप्रिलमध्ये साग उघडा पडतो, त्याच वेळेला त्याच वळणावर प्रकाश कितीतरी जास्त असतो. मे महिन्यात तर वाघ दुपारी चार वाजता पाणवठ्यात बसलेला असतो, लख्ख उजेडात. उन्हानं आपला भाजून कोळसा होतो ही गोष्ट अलाहिदा. ज्याला कमी उजेडाचा त्रास नको त्यानं उन्हाळा धरावा. मात्र उन्हाळ्यात नऊच्या पुढे जमिनीवरून वाफा उठतात आणि शंभर मीटरच्या पलीकडचं सगळं थरथरतं. तिथे लाख रुपयांची लेन्स आणि तुमची लेन्स, दोघींचा फोटो सारखाच मऊ. काका म्हणतात तसा लांबचा फोटो काढायचा तर पहाटेची थंड हवाच चांगली, उजेड कमी असला तरी.

तिसरी गोष्ट, ड्रायव्हरला काय सांगायचं. "जवळ घ्या, जवळ घ्या" हे सांगू नका. एनटीसीएच्या (राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या) २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्राण्यापासून किमान २० मीटर आणि एका वाघापाशी जास्तीत जास्त १५ मिनिटं असं लिहिलेलं आहे. २०२४ च्या अखेरीस उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी वाघीण आणि पिल्लांना दोन्हीकडून अडवलं, त्याची दखल नागपूर खंडपीठानं स्वतःहून घेतली आणि कारवाई झाली ती गाइड-ड्रायव्हरवर. पर्यटक आपापल्या गावी गेले. मोहर्लीच्या आसपासच्या कितीतरी घरांची चूल या गाड्यांवर पेटते, हे ध्यानात असू द्या.

त्यापेक्षा ड्रायव्हरला दोनच गोष्टी सांगा: गाडी थांबली की इंजिन बंद, आणि जमल्यास उजेड पाठीशी राहील अशी गाडी लावा. आमचे पोरं हे शंभर टक्के समजतात. इंजिन चालू असलं की ५०० मिमीवर १/१२५ चा फोटो गेलाच म्हणून समजा. आणि चितळाचा किंवा वानराचा कॉल (धोक्याचा आवाज) आला की बॅगेत हात घालू नका, त्याच्या आधीच सेटिंग लावून ठेवा. वाघ रस्ता पार करायला किती वेळ घेतो? खोकला येऊन जायला लागतो तेवढा.

फ्लॅश चालत नाही, हे माहीत असेलच. कॅमेऱ्यात फोकसला मदत करणारा छोटा दिवा असतो, तोही मेन्यूत जाऊन बंद करा.


चहा_दोन (सदाशिव पेठ)

एवढा खटाटोप कशाला? हल्ली फोनला शंभर पट झूम येतो. भाच्यानं चंद्रावरचे खड्डे काढलेत.


सागवान

भाऊ, ताडोब्यात फोन आत नेऊ देत नाहीत. भाच्याला सांगा, चंद्रच बरा.


फुलफ्रेम_राजे

काका, व्यासाचा हिशेब करून बघितला, बरोबर आहे. पण ऑटोफोकसचं काय? एफ/२.८ ला फोकस मॉड्यूलला जास्त उजेड मिळतो, तो फायदा तुमच्या भागाकारात येत नाही. आणि जवळ आला वाघ तर? तीस मीटरवर ४०० एफ/२.८ ला क्रॉप करायचंच नाही. तिथे पूर्ण दोन स्टॉप माझे.


जुना_स्टुडिओ

दोन्ही मान्य. जवळच्या वाघाला तुमची लेन्स जिंकते, पहाटेच्या फोकसलाही जिंकते. माझा वाद ७०-२०० शी होता आणि "एफ/२.८ म्हणजे एफ/२.८" या वाक्याशी. ताईंचा प्रश्न दीडशे मीटरचा आणि हप्त्यांचा आहे.

ज्यांच्याकडे सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६०० एफ/६.३ आहे त्यांनीही खट्टू होऊ नये. ६०० भागिले ६.३, ९५ मिमी. लांबच्या वाघाला ती ताईंच्या लेन्सपेक्षा तसूभर पुढेच आहे. फक्त एफ/६.३ वर पहाटे फोकस जरा जास्त रेंगाळतो.

सरावाचं राहिलं. वाघावर पहिला प्रयोग करू नका. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात संध्याकाळी बंद व्हायच्या आधी जा, बुधवार सोडून. वाघ खंदकापलीकडे असतो, सावलीत बसलेला असतो, पट्ट्यावर फोकस कसा बसतो ते तिथे हाताला कळतं. हलत्या जनावरासाठी तुमची टेकडी आहेच. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात सकाळी उशिरा चिंकारा काढून बघा, सागवान म्हणतात ती हवेची थरथर काय चीज आहे ते दिसेल. एकदा दिसली की लेन्सला शिव्या घालणं बंद होतं.


टेकडीवाली

सगळ्यांचे आभार. राजे, तुमचेही, तुमच्यामुळे काका लिहायला बसले.

काकांचा अंदाज बरोबर निघाला, ऑटो आयएसओची मर्यादा १२८०० च होती. ती काढली. काल सूर्य मावळल्यावर वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूला गेले होते. मोर ऐकू येत होते पण दिसायला तयार नव्हते, म्हणून तिथल्या कुत्र्यांवर भागवलं. पिशवी अजून शिवलेली नाही, दगडावर जॅकेटची घडी ठेवली. १/१२५ ला बसलेलं कुत्रं मिशांसकट आलं. चालतं कुत्रं १/२५० ला जेमतेम, १/३२० ला तोंड छान आणि पाय पुसट, म्हणजे तुम्ही सांगितलं तसंच. ६४०० चा फोटो न कापता पूर्ण पाहिला तर नॉइज शोधायला जवळ जावं लागतं. तोच अर्ध्यावर कापला की लगेच दिसतो. आकडेमोड वाचताना पटली होती, पण स्क्रीनवर शेजारी-शेजारी ठेवल्यावर खात्री झाली.

जुन्या वाघिणीचा फोटो मूळ चौकटीत परत उघडला. डाव्या कोपऱ्यात एक बगळा आहे! तो मी कापून टाकला होता.

दोन शंका. लेन्सवर व्हीआरचे (हादरा कमी करणाऱ्या सोयीचे) नॉर्मल आणि स्पोर्ट असे दोन पर्याय आहेत, पिशवीवर टेकवल्यावर कोणता? की बंदच करू? आणि उभ्याचं १/१२५ आणि चालत्याचं १/३२० यांच्यात झटकन जायचं कसं? टेकडीवर चाक फिरवेपर्यंत कुत्रं निघून जात होतं.


जुना_स्टुडिओ

बगळा ठेवा. वाघिणीपासून एवढ्या अंतरावर निवांत उभा आहे म्हणजे त्यालाही हिशेब माहीत आहे.

व्हीआर चालू ठेवा. ट्रायपॉडवर बंद करतात ते ठीक, पण जिप्सीत पाच जण श्वास घेत असतात, मागचा उठून उभा राहतो, गाडी डुलते. उभ्या वाघाला नॉर्मल. चालत्याला स्पोर्ट, त्यात व्ह्यूफाइंडरमधलं चित्र उड्या मारत नाही आणि वाघाबरोबर लेन्स फिरवणं सोपं जातं. धांदलीत बटण शोधणार नसाल तर स्पोर्टवरच ठेवून द्या, फार काही बिघडत नाही.

दुसरं. डी७५०० च्या मोड डायलवर यू१ आणि यू२ आहेत, बहुतेक लोक त्यांना हातही लावत नाहीत. मॅन्युअल, एफ/५.६, १/१२५, ऑटो आयएसओ, उणे ०.७ हे सगळं लावून सेटअप मेन्यूतून यू१ ला साठवा. तेच १/३२० करून यू२ ला. मग एका खटक्यात इकडून तिकडे. उजेड चांगला वर आला की यू२ वरूनच शटर चाकानं वाढवत न्या. डायल हातमोजे घालून फिरतोय का ते घरी बघून घ्या, डिसेंबरात उघड्या जिप्सीत पहाटे बोटं बधिर होतात आणि नेमका तेव्हाच कॉल येतो.


सागवान

हातमोज्यांना दुजोरा. कानटोपी पण आणा, तिथे थंडी पुण्यासारखी नसते. आणि नागपूरहून मोहर्लीला येताना तांदळासाठी कुठे थांबू नका, गेटजवळ किराणा दुकानं आहेत. शेवटच्या सफारीनंतर ते तांदूळ रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात देऊन टाकले तरी चालतात, फक्त जीन्सचा पाय आधी धुतलेला असू द्या.